वारा सरला का?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला राउंडवर आलेला डॉक्टर जो प्रश्न विचारतो, तो एरवी चारचौघांत कुणी उच्चारणार नाही. पिंपरीच्या संत तुकारामनगरातलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय घ्या, ज्याला सगळं शहर ‘वायसीएम’ म्हणतं, किंवा मोहननगरचं ईएसआय रुग्णालय घ्या. सर्जरीच्या वॉर्डात हा प्रश्न खणखणीत आवाजात विचारला जातो: “मामा, वारा सरला का?” मराठवाड्यातून चाकणला येऊन निम्मं आयुष्य प्रेस शॉपवर काढलेले मामा भिंतीकडे तोंड करतात. मामी मात्र बिनदिक्कत सांगते, “न्हाय ओ डॉक्टर, रातभर नुसतं गुडगुडतंय.”

या उत्तरावर बरंच काही ठरतं. तोंडाने काय द्यायचं, सलाइन कधी काढायचं, नाकातली नळी ठेवायची की नाही, घरी कधी सोडायचं. टाके कितीही सुबक बसले असले तरी आतडं हलल्याशिवाय माणूस बरा झाला असं कुणी म्हणत नाही. आणि हे आतडं हलायला डॉक्टरच्या औषधाइतकाच रुग्णाचा आणि खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाचा हातभार लागतो.

ऑपरेशननंतर आतडं गप्प का होतं, ते आधी पाहू. साधारण सहा मीटर लहान आतडं आणि दीड मीटर मोठं आतडं दिवसरात्र लाटा उठवून आतला ऐवज पुढे ढकलत असतं. हे काम ते मेंदूला न विचारता करतं, कारण त्याच्या भिंतीतच मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं आहे आणि त्यातल्या पेशींची संख्या दहा कोटींच्या वर जाते. आपण खातो-पितो ते, शिवाय लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि खुद्द आतड्याचा स्राव मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव या नळीत उतरतं. जवळजवळ सगळं पुन्हा रक्तात शोषलं जातं. लाटा थांबल्या की हे द्रव आणि गिळलेली हवा जागच्या जागी साचते. पोट तट्ट फुगतं, मळमळतं, हिरवट उलटी होते. डॉक्टरी भाषेत याला ‘आयलियस’ म्हणतात.

पोट उघडलं की आतडं थांबतं, हे शास्त्रज्ञांनी सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं. १८९९ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीने कुत्र्यांवर प्रयोग केले. पोट उघडल्यावर आतड्याची हालचाल मंदावत होती, पण आतड्याकडे जाणाऱ्या विशिष्ट नसा कापल्या की ती परत येत होती. म्हणजे हा ‘थांब’ असा निरोप नसांतून येतो. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेत कॅनन आणि मर्फी यांनी दाखवलं की गुंगीच्या औषधापेक्षा आतड्याला हात लावणं, ते बाजूला सारणं, याचाच परिणाम मोठा असतो. आज त्यामागचं कारण अधिक स्पष्ट झालंय. पहिला टप्पा नसांचा असतो. तो ऑपरेशन टेबलावर सुरू होतो आणि काही तासांत ओसरतो. दुसरा टप्पा सुजेचा. हाताळलेल्या आतड्याच्या स्नायूंत तीन-चार तासांनी पांढऱ्या पेशी गोळा होऊ लागतात, त्यांच्यातून स्रवणारी रसायनं स्नायूला सुस्त करतात आणि हे प्रकरण काही दिवस चालतं. म्हणूनच ऑपरेशनच्या दिवशी ठीक वाटणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुगतो आणि नातेवाइकांना वाटतं, काल चांगला होता, आज कुणी काय केलं?

सगळं आतडं एकदम जागं होत नाही. चाकणच्या कारखान्यात दिवाळीच्या शटडाउननंतर लाइन सुरू होते, तेव्हा पुढची स्टेशनं आधी चालू होतात आणि शेवटचं स्टेशन अडलेलं असेल तर माल मध्येच साचत जातो; पोटातही तसंच होतं. लहान आतडं काही तासांत, फार तर एका दिवसात हलू लागतं. जठराला एक ते दोन दिवस लागतात. मोठं आतडं सर्वांत आळशी, त्याला दोन ते तीन दिवस. वारा सरतो तो या शेवटच्या स्टेशनातून. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सरला नाही म्हणून हवालदिल व्हायचं कारण नाही.

डॉक्टर स्टेथोस्कोप बेंबीच्या बाजूला टेकवतात, डोळे किंचित बारीक करतात आणि सगळं कुटुंब श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे बघतं. ही तपासणी आजही होते, पण तिच्यावर आता पूर्वीइतका भरवसा उरलेला नाही. लहान आतड्याचा आवाज येतो आणि मोठं गपगार असतं, असं होऊ शकतं. नुसता वारा सरला यापेक्षाही, घट्टसर अन्न पचतंय आणि शौचाला होतंय या दोन गोष्टी जुळल्या, तर आतडं रुळावर आलं हे जास्त खात्रीने म्हणता येतं.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्यांची एक हमखास तक्रार असते: उजवा खांदा दुखतो. घरचे म्हणतात गॅस वर चढला आणि ओवा चावायला देतात. हा आतड्यातला गॅस नव्हे. दुर्बिणीसाठी पोटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने छातीच्या पडद्याला चरचर होते आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं खांद्यावर जाणवतं. एक-दोन दिवसांत ते आपोआप जातं. ओव्याने बिघडत काही नाही, एवढंच.

आता इतिहासातलं एक पोट. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या एका कैद्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. कैदी होते महात्मा गांधी आणि सर्जन होते कर्नल मॅडॉक. ऑपरेशन चालू असतानाच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली, पण ते ससूनमध्येच होते. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला गेले. म्हणजे एका अपेंडिक्ससाठी जवळजवळ दोन महिने रुग्णालयात. आज त्याच ससूनपासून जुन्या मुंबई रस्त्याने पंधरा-एक किलोमीटरवर असलेल्या पिंपरीत न फुटलेलं अपेंडिक्स दुर्बिणीतून काढलं, तर रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी असतो.

हा फरक काही एका रात्रीत पडला नाही. १९२४ मध्ये जखम चिघळली तर द्यायला अँटिबायोटिक नव्हतं. पेनिसिलिनचा देशी कारखाना उभा राहिला तो इथेच, पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली आणि ‘एच. ए.’ हे नाव कॉलनीला, शाळेला चिकटून राहिलं. पुढे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशय-ऑपरेशन केलं. छोट्या छिद्रांतून काम झालं की आतडं कमी हाताळलं जातं, सूज कमी येते आणि ते लवकर जागं होतं. वायसीएममधल्या गरीब रुग्णालाही आज हा फायदा मिळतो, याचं अप्रूप आपल्याला राहिलेलं नाही.

विचार मात्र तंत्रापेक्षा हळू बदलले. पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्णाला एक-दोन दिवसांत उठवावं, असं शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ मध्येच लिहिलं होतं. त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. रुग्ण आठवडेच्या आठवडे पाठीवर पडून राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा कमी पडू लागल्या, माणसांना लवकर उठवावं लागलं आणि तेव्हा कळलं की उठलेली माणसं अधिक लवकर बरी होतात. खाण्याचंही तेच. वारा सरेपर्यंत तोंडात थेंब नाही, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याला आव्हान दिलं डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी. १९९० च्या दशकात कोपनहेगनमध्ये त्यांनी एकेक जुनी सवय तपासून पाहिली: इतका उपास का, ही नळी का, इतकं सलाइन का, खाटेवर का? मोठ्या आतड्याचा तुकडा काढलेले त्यांचे रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. तिथे आधी आठ-दहा दिवस लागत. याच विचारातून पुढे ‘ईरास’ नावाची पद्धत उभी राहिली. तिचा गाभा एवढाच की आतड्याला विश्रांती देण्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नका.

या तपासणीत बऱ्याच जुन्या सवयी गेल्या. नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब घ्या. इंग्लंडच्या डॉ. राईल यांनी ती १९२१ मध्ये सुचवली आणि ती पोटाच्या प्रत्येक ऑपरेशनला जणू गणवेशासारखी आली. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं की सरसकट नळी घातलेल्यांपेक्षा न घातलेल्यांचं आतडं लवकर चालू होतं. आता ती गरज असेल तेव्हाच घालतात, म्हणजे सतत उलट्या होत असतील, पोट फार फुगलं असेल तेव्हा. ऑपरेशनच्या आधीचा उपासही असाच. घट्ट अन्न सहा तास आधी बंद, पण स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, असं भूलतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. आपल्याकडे मात्र रात्री बारापासून पाणीही बंद आणि नंबर लागतो दुपारी दोनला. यात बदल व्हायला हवा आणि त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, थिएटरच्या यादीत वेळ लिहिली तरी पुरे.

सलाइनचं सांगितलं तर अनेकांना पटणार नाही. ‘दोन बाटल्या तरी चढवा हो, अशक्तपणा आलाय’ हा आपला आवडता आग्रह. साध्या सलाइनच्या एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असतं. लागतं त्यापेक्षा जास्त गेलं की पाणी ऊतकांत साचतं, पायावर सूज दिसते, तशीच ती न दिसणाऱ्या आतड्याच्या भिंतीतही येते. २००२ मध्ये नॉटिंगहॅमच्या डॉ. लोबो यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांना नेहमीचं आणि काहींना मोजकं मीठ-पाणी दिलं. नेहमीचं मिळालेल्यांचं वजन तीन किलोंच्या आसपास वाढलं आणि त्यांचं जठर व आतडं उशिरा चालू झालं. तेव्हा बाटली मागून घेऊ नका.

वेदनेच्या औषधांत एक पेच आहे. मॉर्फिन, पेंटाझोसिन, ट्रामाडॉल ही अफूच्या कुळातली औषधं दुखणं दाबतात, पण आतड्यालाही झोपवतात. म्हणून दुखणं सोसायचं का? मुळीच नाही. दुखत असलेला माणूस हलत नाही, खोल श्वास घेत नाही आणि वेदना स्वतःच त्या ‘थांब’ म्हणणाऱ्या नसांना चिथावते. उपाय मधला आहे. पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी औषधं वेळेवर, पाठीतून किंवा पोटाच्या भिंतीत सुन्न करणारं इंजेक्शन आणि अफूवर्गीय औषध कमीत कमी. सिस्टरला ‘दुखतंय’ म्हणून सांगायला मराठी पुरुष लाजतो; ओठ चावून गप्प पडून राहतो. त्यापेक्षा सांगावं.

आता उठणं. नातेवाइकांचा खरा उपयोग इथेच. रुग्णाला हात धरून सरळ वर ओढायचं नाही, त्याने टाक्यांवर ताण येतो. आधी गुडघे दुमडायचे. मग खांदा आणि कंबर एकत्र एका कुशीवर वळवायची. पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपरावर जोर देऊन अंग उचलायचं. टाक्यांवर उशी किंवा घडी केलेली चादर दाबून धरायची, खोकतानाही तीच. पाय लोंबकळत ठेवून दोन मिनिटं बसायचं, कारण लगेच उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहील अशी कुणीतरी धरायची आणि मग खाटेपासून दारापर्यंत. पहिल्या फेरीत एवढंच पुरे. संध्याकाळी पुन्हा. चालण्याने आतडं किती लवकर हलतं याचा पुरावा तितकासा भक्कम नाही, पण पायांत रक्ताच्या गाठी होणं आणि छातीत कफ साचणं टळतं. तेवढ्यासाठीही चालणं सोडू नये.

खाण्यापाशी घराघरांत वाद होतो. भाताने टाके पिकतात, डाळीने पू होतो, आंबटाने जखम ओली राहते, हे सल्ले डब्याबरोबर वॉर्डात येतात. यात तथ्य नाही. जखम चिघळते ती जंतूंनी, वाढलेल्या साखरेने, तंबाखूने. आणि ती भरायला प्रथिनं लागतात, म्हणजे डाळ, दूध, अंडं हवंच. डॉक्टरांनी ‘तोंडाने सुरू करा’ म्हटलं की घोट-घोट पाणी, मग भाताची पेज, मुगाच्या डाळीचं निवळ, ताक, नारळपाणी. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि रक्तात पोटॅशियम कमी असेल तर आतड्याचे स्नायू मलूल पडतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र ते विचारूनच घ्यावं. पेज पचली की मऊ भात, खिचडी. भूक नसताना बळेबळे घास भरवू नये. मळमळ आली की थांबावं, दोन तासांनी पुन्हा पाहावं. सिझर झालेल्या बाईला तर काही तासांतच खायला द्यायला हरकत नसते, तरी तिला दोन-दोन दिवस चहा-बिस्किटावर ठेवणारी घरं आजही आहेत.

चघळण्याची गंमत वेगळीच. चावलं की मेंदूला वाटतं जेवण आलं. लाळ सुटते, नस आतड्याला इशारा देते आणि पोटात काही न जाताही काम सुरू होतं. च्युइंगमचा हा उपयोग २००२ मध्ये जपानी सर्जननी दाखवला. सिझरनंतर च्युइंगम चघळणाऱ्या बायकांचा वारा सरासरी सात तास आधी सरला, असं एकत्रित आकडे सांगतात. जिथे पहिल्याच दिवशी जेवण देतात, तिथल्या मोठ्या चाचणीत मात्र त्याचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि ते साहजिकच आहे. खरं जेवण मिळालं की खोट्याची गरज काय? कॉफीबद्दलही जर्मनीत हायडलबर्गला २०१२ मध्ये चाचणी झाली. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर पाणी पिणाऱ्यांपेक्षा कॉफी पिणाऱ्यांना सुमारे चौदा तास आधी शौचाला झालं. चघळणं चांगलं हे वाचून कुणी तंबाखूची पुडी उघडणार असेल, तर सांगून ठेवतो: तंबाखू आणि गुटखा यात बसत नाहीत. त्यांनी जखम भरायला उशीर होतो.

हे सगळं सर्वांना सारखं लागू नाही. आतडं फुटून पोटात घाण पसरली असेल, आतड्याला पीळ पडला असेल, आतड्याची दोन टोकं शिवून केलेली जोड अवघड जागी असेल, तर सर्जन मुद्दाम थांबवतात आणि तेव्हा चोरून पाजलेला चमचाभर चहाही महाग पडू शकतो. विचारायचं, वाद घालायचा नाही. ‘डॉक्टर, पाणी कधी द्यायचं, उठवायचं कधी?’ हे दोन प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवावेत.

घरी आल्यावर दुसराच त्रास सुरू होतो, बद्धकोष्ठाचा. गोळ्या, कमी पाणी, कमी हालचाल, त्यात रक्त वाढायच्या लोहाच्या गोळ्या. कुंथल्याने पोटातला दाब वाढतो आणि जखमेवर ताण येतो. पाणी वाढवावं, पपई, भाज्या हळूहळू आणाव्यात, डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध घ्यावं. इसबगोल घेतलं तर त्यावर पेलाभर पाणी हवंच, नाहीतर तेच अडून बसतं. एरंडेल आणि एनिमा स्वतःच्या मनाने नको.

कामाचं म्हणाल तर मोठी चीर असेल तेव्हा साधारण सहा आठवडे वजन उचलायला सर्जन मनाई करतात. प्रेस, लोडिंग, फाउंड्रीत काम करणाऱ्याला पगाराच्या धास्तीने पंधराव्या दिवशीच गेटवर उभं राहावंसं वाटतं. पगारातून ईएसआय विम्याचा हप्ता कापला जात असेल आणि हप्ते पुरेसे भरले असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. ठेकेदाराकडे असलात तरी हा हक्क आहे. डॉक्टरचा दाखला घ्या आणि तो जपून ठेवा.

आणि काही गोष्टींत थांबायचं नाही. उलटी हिरवी होतेय, पोट कडक होत चाललंय, दुखणं उतरण्याऐवजी वाढतंय, ताप आणि नाडी चढतेय, उचकी थांबत नाही, वारा आणि शौच दोन्ही बंद पडलंय, यातलं काहीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी किंवा घरी आल्यावर दिसलं, तर ते सुस्त आतडं नसून सुटलेली जोड किंवा अडलेलं आतडं असू शकतं. ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटतात आणि त्यामुळे असा अडथळा कित्येक वर्षांनीही येतो. अशा वेळी सोडा-लिंबू देऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, तोंडाने काही देऊ नका आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. ऑपरेशन कोणत्या तारखेला झालं, काय काढलं आणि काय जोडलं, हे त्याच कागदावर असतं.